ड्रायव्हर टाकला, तरी ॲपला सापडत का नाही?

‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड.’ नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या कारखान्यातलं अकाउंट्स असो, नाहीतर पिंपळगाव बसवंतकडचं द्राक्षाचं पॅकहाउस, एक्सेलमधून किंवा एखाद्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून डेटाबेसला जोडायला गेलं की कधी ना कधी हे वाक्य समोर येतंच. मग ड्रायव्हर, म्हणजे ॲपला डेटाबेसशी जोडून देणारी फाइल, पुन्हा डाउनलोड होतो, पुन्हा टाकला जातो, कॉम्प्युटर बंद करून चालू केला जातो, आणि वाक्य जिथल्या तिथं. शेवटी सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंटेनर भरायला उभा आहे आणि पॅकिंग लिस्ट निघत नाही, अशा वेळी त्याच्या येण्याची वाट पाहणं फार जड जातं.

तिथं बसलेल्या ऑपरेटरला किंवा अकाउंटंटला बहुतेक वेळा सांगितलं जातं, ‘यात तुम्ही हात घालू नका.’ मला हे पटत नाही. ड्रायव्हरची नोंद कुठं होते, ती कोण वाचतं आणि कुठल्या क्रमानं वाचतं, एवढं समजलं तर यातल्या बऱ्याच अडचणी जागच्या जागी सुटतात. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. समोर आलेला संदेश अक्षर न अक्षर वाचावा लागतो, कारण काम कुठल्या टप्प्यावर अडलंय ते त्यातच लिहिलेलं असतं.

ॲप आणि डेटाबेस यांच्या मध्ये कोण असतं

ॲप लिहिणाऱ्याला ते पुढं कुठल्या डेटाबेसशी बोलणार हे माहीत नसतं. एका कारखान्यात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, दुसऱ्यात मायएसक्यूएल, तिसऱ्यात पोस्टग्रेएसक्यूएल, आणि हिशेब टॅलीत. प्रत्येकाची बोलण्याची पद्धत वेगळी. प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहिण्याऐवजी एक करार ठरला: ॲपनं ठरावीक नावांची फंक्शन्स वापरायची, आणि डेटाबेस बनवणाऱ्यानं त्याच नावांची फंक्शन्स असलेली एक फाइल पुरवायची. ही फाइल म्हणजे ड्रायव्हर. मूळ ॲपला हात न लावता ती बाहेरून येऊन जोडली जाते, म्हणून ती प्लगइन. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये आणलेलं ओडीबीसी हा अशाच करारांपैकी एक, आणि आजही कार्यालयांमध्ये सगळ्यात जास्त भेटतो तो हाच. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत हेच काम १९९७ पासून जेडीबीसी करतं.

ॲप ड्रायव्हरला थेट हाक मारत नाही. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर मॅनेजर असतो. विंडोजमध्ये तो सिस्टिमबरोबरच येतो, लिनक्सवर बहुधा युनिक्सओडीबीसी नावाचं पॅकेज टाकावं लागतं. समजा, ॲपनं ‘पॅकहाउस’ हे नाव मॅनेजरला दिलं. अशा नावाला डीएसएन म्हणतात, म्हणजे जोडणीचं आपण ठेवलेलं नाव. मॅनेजर पहिल्या यादीत ‘पॅकहाउस’ शोधतो. तिथं लिहिलेलं असतं की या जोडणीला अमुक ड्रायव्हर लागतो. मग तो दुसरी यादी उघडतो आणि त्या ड्रायव्हरच्या नावासमोर त्याची फाइल डिस्कवर कुठं आहे ते वाचतो. ती फाइल मेमरीत चढवतो. आता कुठं ड्रायव्हर जागा होतो, पहिल्या यादीतून सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरच्या नेमक्या कुठल्या दारावर जायचं तो क्रमांक), डेटाबेसचं नाव उचलतो आणि नेटवर्कवरून सर्व्हरचं दार वाजवतो.

म्हणजे ड्रायव्हरची फाइल डिस्कवर असणं ही एक गोष्ट, तिची नोंद असणं ही दुसरी, आणि जोडणीची माहिती बरोबर भरलेली असणं ही तिसरी. लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी नुसता आवारात येऊन उभा राहिला म्हणून त्याला कांद्याच्या लिलावात बोली लावता येत नाही; समितीकडे त्याच्या परवान्याची नोंद लागते. ड्रायव्हर मॅनेजरही तसाच. डिस्कवर फाइल पडलेली आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. यादीत नाव नसेल, तर त्याच्या दृष्टीनं तो ड्रायव्हर नाहीच.

नोंद होते म्हणजे नक्की काय होतं

यात गूढ काहीच नाही. कुठंतरी चार ओळी लिहिल्या जातात, आणि त्या डोळ्यांनी पाहता येतात.

विंडोजमध्ये त्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथं साठवतं तिथं असतात. एचकेवाय लोकल मशीन, त्याखाली सॉफ्टवेअर, त्याखाली ओडीबीसी, आणि त्यात ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय असा कप्पा. त्यात एक यादी असते, बसवलेल्या ड्रायव्हरांच्या नावांची. शिवाय प्रत्येक नावाचा स्वतंत्र कप्पा, ज्यात ‘ड्रायव्हर’ आणि ‘सेटअप’ अशा दोन फाइलींचे पत्ते दिलेले असतात. पहिली फाइल खरं काम करते. दुसरी फक्त सर्व्हर, पोर्ट वगैरे विचारणारी ती छोटी खिडकी दाखवते. इन्स्टॉलर चालवल्यावर ड्रायव्हरच्या या फाइली (विंडोजमध्ये त्यांना डीएलएल म्हणतात) कॉपी होतात आणि या ओळी लिहिल्या जातात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हनं नुसती डीएलएल आणून टाकली, तर फाइल येते, ओळी येत नाहीत. रजिस्ट्रीचा हा भाग संपूर्ण मशीनसाठी असतो, त्यामुळे त्यात लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, हेही लक्षात ठेवा. रजिस्ट्रीत उतरायची भीती वाटत असेल (आणि वाटलेली बरी), तर स्टार्ट मेन्यूत ‘ओडीबीसी’ टाइप करा, डेटा सोर्सेसची खिडकी उघडा आणि ‘ड्रायव्हर्स’ हा टॅब बघा. तिथं दिसणारी यादी या नोंदींवरूनच तयार होते.

लिनक्सवर हेच दोन साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असतं. ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआयमध्ये ड्रायव्हरांची नोंद, ओडीबीसी डॉट आयएनआयमध्ये जोडण्या. पण या फाइली वेगवेगळ्या सिस्टिमवर वेगळ्या फोल्डरमध्ये असू शकतात, आणि चुकीची फाइल मन लावून दुरुस्त करत बसणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक आहे. म्हणून सुरुवात ‘ओडीबीसीइन्स्ट’ या कमांडला ‘जे’ हा पर्याय देऊन करावी. मॅनेजर खरोखर कुठल्या फाइली वाचतोय ते ती सांगते. त्याच कमांडला ‘क्यू’ आणि ‘डी’ हे पर्याय दिले की नोंदलेल्या ड्रायव्हरांची नावं छापून येतात. ज्याचं नाव तिथं नाही, त्याच्यासाठी पुढचं काहीच तपासायची गरज नाही. आधी नोंद करायची.

जावाची रीत थोडी वेगळी. ड्रायव्हर एका जार फाइलमध्ये येतो आणि त्या जारच्या पोटातच एक लहानशी टेक्स्ट फाइल असते, जिच्यात ड्रायव्हरच्या क्लासचं नाव लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू करताना जार क्लासपाथवर असला, म्हणजे जावा ज्या ठिकाणी शोधतं तिथं असला, की ही फाइल वाचली जाते आणि नोंद आपोआप होते. ही सोय २००६ मध्ये जावा ६ बरोबर आली. त्याआधी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहून क्लास मुद्दाम बोलवावा लागायचा. कॉलेजांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये ती ओळ अजूनही भेटते, तिच्यानं सहसा बिघडत काही नाही. जावात ‘नो सूटेबल ड्रायव्हर फाउंड’ असा संदेश आला तर दोन शक्यता पाहायच्या. एक, जार क्लासपाथवर नाही. दुसरी, पत्त्याचा सुरुवातीचा भाग टाइप करताना चुकलाय. जावाचा मॅनेजर नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो पत्ता दाखवतो आणि विचारतो, ‘हा तुझा का?’ सगळेच नाही म्हणाले की हा संदेश येतो. एखादं अक्षर गळलं तरी उत्तर नाहीच.

आणखी एक रीत आहे, जिच्यात कुठं काही लिहावंच लागत नाही. द्राक्षबागांचे प्लॉट नकाशावर आखणारे जे लोक क्यूजीआयएस वापरतात, त्यांच्या कामामागं जीडॅल नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड असतो. तिचे प्लगइन ड्रायव्हर एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकायचे, बस. सुरू होताना ती तो फोल्डर चाळते, फाइलच्या नावाची सुरुवात पाहते आणि उरलेल्या नावावरून आतलं नोंदणीचं फंक्शन शोधून काढते. त्यामुळे तिथं फाइलचं नाव हीच नोंद. ओळखायला सोपं जावं म्हणून कुणी ते नाव बदललं, तर ड्रायव्हर नाहीसा होतो. फोल्डर दुसरीकडे असेल तर जीडॅल ड्रायव्हर पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरायचा, आणि ‘जीडॅलइन्फो’ कमांडला ‘फॉरमॅट्स’ हा पर्याय देऊन नाव यादीत आलं का ते पाहायचं.

३२ आणि ६४ यांचा घोळ

विंडोजवर ‘ड्रायव्हर टाकलाय, तरी सापडत नाही’ ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो: ॲप ३२-बिट आहे की ६४-बिट? यावर सावकाश बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो.

३२-बिट ॲप ६४-बिट ड्रायव्हर उघडू शकत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या एकाच प्रोग्रॅममध्ये राहायचे असतात, त्यामुळे दोघांची घडण सारखी लागते. ६४-बिट विंडोज दोन्ही प्रकारची ॲप्स चालवतं, म्हणून त्यानं ड्रायव्हरांच्या याद्याही दोन ठेवल्या आहेत. ६४-बिटची यादी वर सांगितलेल्या जागी, आणि ३२-बिटची त्याच सॉफ्टवेअर कप्प्यात, पण वाओ६४३२नोड नावाच्या वेगळ्या कप्प्याखाली. ३२-बिट ॲपला फक्त दुसरी यादी दिसते. तुम्ही ६४-बिट ड्रायव्हर टाकला, तो ६४-बिटच्या खिडकीत दिसला, ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर जोडणीही झाली, आणि तरी ॲप म्हणतं सापडत नाही. ॲप खोटं बोलत नसतं. त्याच्या यादीत तो ड्रायव्हर खरोखरच नसतो.

खिडकीच्या नावांनी गोंधळात भर घातली आहे. ६४-बिट जोडण्या दाखवणारा प्रोग्रॅम सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये असतो आणि ३२-बिटचा सिसवाओ६४ या फोल्डरमध्ये. नावं उलटी, पण खरी परिस्थिती हीच आहे. शिवाय दोन्ही प्रोग्रॅमचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. विंडोज ८ पासून स्टार्ट मेन्यूत ‘३२-बिट’ आणि ‘६४-बिट’ अशा वेगळ्या नोंदी दिसतात, त्यामुळे फोल्डर शोधत बसायची वेळ आता सहसा येत नाही. खिडकीच्या मथळ्यात कुठला आकडा आहे, तेवढं न विसरता पाहा.

कारखान्यांच्या ऑफिसांमध्ये हा घोळ उद्भवतो तो बहुतेक वेळा ऑफिस बदलल्यावर. ऑफिस २०१६ पर्यंत मुद्दाम निवडलं नाही तर ३२-बिट आवृत्ती बसायची. ऑफिस २०१९ पासून आपोआप बसते ती ६४-बिट. नवीन कॉम्प्युटर येतो, नवीन एक्सेल येतं, आणि वर्षानुवर्षं चाललेली स्टॉकची शीट एका सकाळी उघडत नाही. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं गेलं की पहिल्याच ओळीत ३२ की ६४ ते लिहिलेलं असतं. ते पाहून त्याच प्रकारचा ड्रायव्हर टाकायचा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे एकाच मशीनवर जुनं ३२-बिट बिलिंग आणि नवं ६४-बिट एक्सेल असेल तर खुशाल दोन्ही टाका.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो कळला की दोन वेगळे संदेश का येतात याचा उलगडा होतो. डीएसएनचे नेहमी लागणारे प्रकार दोन. सिस्टिम डीएसएन संपूर्ण मशीनसाठी, आणि ३२ व ६४ साठी त्यांच्या याद्या वेगळ्या. यूजर डीएसएन फक्त लॉग-इन केलेल्या माणसासाठी, आणि तो मात्र दोन्ही बाजूंना सामाईक. ६४-बिटच्या खिडकीत सिस्टिम डीएसएन बनवला तर ३२-बिट ॲपला तो दिसतच नाही, आणि सुरुवातीचं ते वाक्य येतं, आयएम००२ या कोडसह. तोच यूजर डीएसएन म्हणून बनवला तर ॲपला नाव दिसतं, पण त्यामागचा ड्रायव्हर जुळत नाही. मग ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असं स्पष्ट सांगणारा आयएम०१४ येतो. हा दुसरा संदेश आला तर मला बरंच वाटतं. काय करायचं ते त्यातच सांगितलेलं असतं.

फाइल समोर दिसते, आणि संदेश म्हणतो सापडली नाही

लिनक्सवर ‘कान्ट ओपन लिब… फाइल नॉट फाउंड’ आणि विंडोजवर ‘सिस्टिम एरर कोड १२६’ ही जुळी भावंडं आहेत. बहुतेक वेळा ड्रायव्हरची नोंद सापडलेली असते, आणि बऱ्याचदा त्याची फाइलही जागेवर असते. पण ती फाइल आपल्या कामासाठी दुसऱ्या फाइलींवर अवलंबून असते, आणि त्यांतली एखादी नसते. संदेश नाव घेतो ते मात्र ड्रायव्हरचं. विंडोजवर मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरबाबत बहुतेक वेळा व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाचं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टकडून ते घेऊन टाकलं की काम होतं. तेही ३२ की ६४ बघूनच. लिनक्सवर ‘एलडीडी’ कमांडला ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता द्यायचा. ज्या ओळीपुढं ‘नॉट फाउंड’ येतं ती लायब्ररी टाकायची. तिथं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात काहीच अर्थ नसतो.

माहिती भरताना

नोंद झाली, फाइल उघडली. आता सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस, यूजर. पोर्टचे नेहमीचे आकडे माहीत असलेले बरे: एसक्यूएल सर्व्हर १४३३, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएल ५४३२. टॅली स्वतःच ओडीबीसी सर्व्हर होते आणि तिचा नेहमीचा पोर्ट ९०००. म्हणून तिच्या डीएसएनचं नावही ‘टॅलीओडीबीसी६४_९०००’ असं दिसतं. टॅलीत पोर्ट बदलला असेल तर त्या नावातल्या ९००० वर विसंबू नका. आणि टॅली चालू नसेल, किंवा चालू असून कंपनी उघडलेली नसेल, तर एक्सेलला तिथून काही मिळणार नाही.

डीएसएन सिस्टिम ठेवायचा की यूजर, याचं उत्तर तो वापरणार कोण यावर अवलंबून आहे. रात्री आपोआप निघणारा रिपोर्ट किंवा विंडोज सर्व्हिस म्हणून चालणारं सॉफ्टवेअर तुमच्या लॉग-इनखाली चालत नसतं. तुमचा यूजर डीएसएन त्याला दिसत नाही. दिवसा हातानं चालवलं की चालतं आणि रात्री बंद पडतं, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे पाहा. ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर मी सिस्टिम डीएसएनच बनवतो.

काही सॉफ्टवेअर डीएसएन वापरत नाहीत. त्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकाच ओळीत ड्रायव्हरचं नाव आणि बाकी सगळी माहिती असते. तिथं ड्रायव्हरचं नाव यादीतल्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं, आणि त्या नावात आवृत्तीचा आकडाही असतो. ‘मायएसक्यूएल ओडीबीसी ८.० यूनिकोड ड्रायव्हर’ काढून त्याच्या पुढची आवृत्ती टाकली की नाव बदलतं, कॉन्फिगमध्ये मात्र ८.०च राहतं. परत आयएम००२. ड्रायव्हर अपडेट केल्यावर कॉन्फिगची ओळ तपासणं हे अपडेटच्याच कामात धरायला हवं.

नाव बरोबर असूनही आवृत्ती बदलल्यानं वागणूक बदलू शकते. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये एसक्यूएल सर्व्हरसाठी ‘ओडीबीसी ड्रायव्हर १८’ आणला. त्यात जोडणी एन्क्रिप्ट करणं, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणं, मुळातच सक्तीचं केलं. १७ मध्ये तसं नव्हतं. छोट्या ऑफिसातल्या सर्व्हरवर त्याची ओळख पटवणारं विश्वासार्ह सर्टिफिकेट सहसा नसतं, त्यामुळे १७ वरून १८ वर गेल्यावर सर्टिफिकेटवर विश्वास नाही असा संदेश येतो. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला ‘येस’ केलं की चालू होतं, आणि बहुतेक जण तिथंच थांबतात. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर तात्पुरतं ठीक आहे. पण त्याचा अर्थ समजून करा: समोरचा सर्व्हर खरंच आपलाच आहे का, हे तपासणं तुम्ही बंद केलेलं असतं. सिन्नरच्या प्लांटमधून नाशिकच्या ऑफिसातल्या सर्व्हरला इंटरनेटवरून जोडत असाल, तर हा मार्ग घेऊ नका, सर्टिफिकेट बसवून घ्या.

सर्व्हरच्या जागी आयपी पत्ता लिहिलेला असेल तर वीज जाऊन आल्यावर कधीकधी नवाच प्रश्न उभा राहतो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हरच्या कॉम्प्युटरला वेगळा आयपी देऊ शकतो, आणि सगळ्यांचे डीएसएन जुन्या पत्त्यावर जात राहतात. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा बांधून घ्या. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असेल तर आणखी एक गोष्ट: तिच्यात टीसीपी-आयपी सुरुवातीला बंद असतं. सर्व्हरवर बसून सगळं चालतं, शेजारच्या टेबलावरून चालत नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करून सर्व्हिस एकदा बंद-चालू करावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलही बसवल्याबरोबर फक्त स्वतःच्याच मशीनवरून येणाऱ्यांचं ऐकतो. बाहेरच्यांना आत घ्यायला त्याच्या दोन कॉन्फिग फाइलींमध्ये परवानगी लिहावी लागते.

शेतकऱ्यांच्या नावांची प्रश्नचिन्हं

हा भाग इंग्रजी माहितीपत्रकांमध्ये दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलचा ओडीबीसी ड्रायव्हर टाकला की यादीत दोन नावं येतात: ‘ॲन्सी’ आणि ‘यूनिकोड’. मायएसक्यूएलचंही तसंच. वर्णानुक्रमानं ‘ॲन्सी’ आधी दिसतो, म्हणून घाईत तोच निवडला जातो. जोडणी होते, आकडे येतात, तारखा येतात, सगळं ठीक वाटतं. आणि शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं. ॲन्सी ड्रायव्हर मजकूर विंडोजच्या जुन्या अक्षरसंचातून नेतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांवरच्या त्या संचात देवनागरी नसते. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह येतं.

नुसतं वाचत असाल तर नुकसान नाही. ड्रायव्हर बदला, नावं परत दिसतात. पण त्याच जोडणीतून डेटाबेसमध्ये लिहिलं असेल, तर तिथं खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली जातात. मूळ अक्षरं कुठंच उरत नाहीत, आणि कुठल्याही सेटिंगनं ती परत येत नाहीत. निफाड-दिंडोरीच्या शेकडो बागायतदारांची नावं आणि गावं अशी गेली, तर बॅकअप असल्याशिवाय ती पुन्हा हातानंच भरावी लागतात. म्हणून नवीन जोडणी केली की आधी एकच नोंद लिहून पाहा. ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘कृष्णा’सारखं जोडाक्षरं असलेलं नाव घ्या, साठवा, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममधून ते वाचून बघा. ते सहीसलामत आलं तरच पूर्ण यादी चढवा.

ड्रायव्हर यूनिकोड असूनही प्रश्नचिन्हं येत असतील तर दोष टेबलात असू शकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ‘एनव्हारकॅर’ प्रकारचा हवा. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचा अक्षरसंच ‘लॅटिन१’ राहिलेला असेल तर देवनागरी त्यात बसत नाही, ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा.

अडलं कुठं, ते संदेशावरून

आयएम००२ आला तर नाव यादीत नाही. स्पेलिंग, ३२-६४ आणि यूजर-सिस्टिम हे तिन्ही पाहा. आयएम००३ किंवा १२६ आला तर नाव सापडलंय, फाइल उघडत नाही. ‘०८’नं सुरू होणारा कोड दिसला तर ड्रायव्हर व्यवस्थित चालू झालाय आणि बहुधा सर्व्हरपर्यंत पोचत नाही: पत्ता, पोर्ट, फायरवॉल पाहा. ‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा ‘लॉग-इन फेल्ड’ दिसलं की लोक हताश होतात. खरं तर तिथं बहुतेक काम झालेलं असतं. नोंद बरोबर, फाइल बरोबर, नेटवर्क बरोबर, सर्व्हरनं उत्तरही दिलं; फक्त यूजर किंवा पासवर्ड चुकला, किंवा त्या यूजरला तुमच्या मशीनवरून यायची परवानगी नाही. इथं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं म्हणजे झालेलं काम मोडणं.

तपासणी नेहमी ॲपच्या बाहेर सुरू करा. विंडोजवर डीएसएनच्या खिडकीतलं ‘टेस्ट’ बटण, लिनक्सवर ‘आयएसक्यूएल’ कमांड ‘व्ही’ या पर्यायासह. व्ही दिला नाही तर ती जोडता आलं नाही एवढंच सांगून गप्प बसते, दिला तर पूर्ण संदेश छापते. बाहेरून जोडणी झाली आणि ॲपमधून झाली नाही, तर सर्व्हरवाल्याला त्रास देऊ नका. फरक ॲपच्या बाजूला आहे.

कॉम्प्युटर बदलायची वेळ आली की जुना बंद करण्याआधी ड्रायव्हरचं पूर्ण नाव आवृत्तीसकट, ३२ की ६४, डीएसएनचं नाव आणि प्रकार, सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस आणि यूजर एका कागदावर उतरवून घ्या किंवा खिडकीचे फोटो काढून ठेवा. पासवर्ड त्या कागदावर नको. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे ड्रायव्हर डीएसएनमध्ये भरलेला पासवर्ड रजिस्ट्रीत उघडा, कुणालाही वाचता येईल असा ठेवतात. लिनक्सच्या ओडीबीसी डॉट आयएनआयमध्येही तेच. त्यामुळे एक्सेलच्या रिपोर्टसाठी डेटाबेसचा मुख्य यूजर वापरू नका. त्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा यूजर बनवायला सांगा. डेटाबेस सांभाळणाऱ्याचं ते काही मिनिटांचं काम असतं, आणि एक्सेलमधून कुणाच्या हातून चुकून काही पुसलं जाण्याची शक्यताही त्यानं संपते.